वन्य भाताचे ऋण : गुरदेव सिंग खुश यांचे संशोधनकार्य

भाताच्या पिकाला दोन प्रकारच्या शत्रूंशी सामना द्यावा लागतो. अवर्षण, महापूर आणि वादळ हे त्याचे प्रकट शत्रू होत. त्यांचे आगमन सर्वांना दिसते आणि त्यांनी केलेली हानीही सर्वांना दिसते. दुसऱ्या प्रकारचे शत्रू मात्र गुप्तपणे येतात. तपकिरी तुडतुडा हा असाच एक शत्रू. काही मिलिमीटर लांबीचा हा कीटक रोपाच्या बुंध्याशी, पाण्याच्या किंचित वर बसून रस शोषीत असतो. बांधावरून पाहणाऱ्याला पीक हिरवेगार दिसते. मग एके दिवशी खाचराच्या मध्यभागी एक पिवळे वर्तुळ उमटते, ते पसरत जाते आणि थोड्याच दिवसांत आगीने होरपळून गेल्यासारखे शेत वाळून जाते. केरळातील कुट्टनाड भागात १९७३-७४ साली आणि त्याच दशकात इंडोनेशियात व फिलिपीन्समध्ये या कीटकाने भातशेतीचा असाच नाश केला.

अशा शत्रूपासून भाताचे रक्षण कसे करावे, या एका प्रश्नाला ज्यांनी आपले आयुष्य वाहिले त्या शास्त्रज्ञांमध्ये गुरदेव सिंग खुश यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या कार्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. वनस्पतीची प्रतिकारक्षमता ही एकदा मिळवून कायमची ठेवण्याची वस्तू नाही; ती पुनःपुन्हा मिळवावी लागते. आणि ती मिळवण्यासाठी शेत, वन्य गवत आणि प्रयोगशाळा या तिन्हींचा आश्रय घ्यावा लागतो.

शिक्षणाची वर्षे

गुरदेव सिंग खुश यांचा जन्म २२ ऑगस्ट १९३५ रोजी पंजाबातील जालंधरजवळच्या रुडकी या खेड्यात झाला. हा मुलूख त्या काळी मुख्यतः गव्हाचा होता. पुढे ज्या पिकाने त्यांना कीर्ती मिळवून दिली ते त्यांच्या परिसरातले प्रमुख पीक नव्हते. १९५५ साली लुधियाना येथील शासकीय कृषी महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत जी. लेडयार्ड स्टेबिन्स हे वनस्पतींच्या उत्क्रांतीचे थोर अभ्यासक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली खुश यांनी राय या धान्याच्या जातींमधील गुणसूत्रांचा अभ्यास केला आणि १९६० साली डॉक्टरेट मिळवली.

त्यानंतर सुमारे सात वर्षे त्यांनी चार्ल्स रिक यांच्यासमवेत टोमॅटोवर काम केले. वरवर पाहता राय आणि टोमॅटो यांचा भाताशी काही संबंध नाही. परंतु या वर्षांत त्यांच्या हाती जे साधन आले ते पुढे फार मोलाचे ठरले. सजीवाचे गुण ठरवणारी जनुके गुणसूत्रांवर ओळीने वसलेली असतात. एखादे जनुक नेमक्या कोणत्या गुणसूत्रावर आहे हे ओळखण्याची एक युक्ती अशी आहे. सामान्य रोपात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. ज्यात एका विशिष्ट गुणसूत्राच्या तीन प्रती आहेत असे रोप मिळवले आणि त्याचा संकर केला, तर त्या गुणसूत्रावरील जनुकांच्या वारशाचे प्रमाण नेहमीपेक्षा वेगळे येते. ज्या जनुकाचे प्रमाण असे बदलते ते त्या गुणसूत्रावर आहे, हे त्यावरून निश्चित होते. हे काम किचकट आहे आणि ते डोळ्यांचा व वहीचा सारखाच अंत पाहते. खुश त्यात निष्णात झाले. या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाला.

लॉस बान्योस

फिलिपीन्समध्ये लॉस बान्योस येथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली होती. फोर्ड व रॉकफेलर या प्रतिष्ठानांनी फिलिपीन्स शासनाच्या सहकार्याने ती उभारली. तिचे पहिले मोठे यश म्हणजे १९६६ साली प्रसारित झालेला आयआर-८ हा वाण. इंडोनेशियातील उंच वाढणारा ‘पेटा’ आणि तैवानमधील बुटका ‘डी-जिओ-वू-जेन’ यांच्या संकरातून तो निघाला होता. जुन्या उंच वाणांना भरपूर खत दिले की ताटे उंच होत आणि लोंबीच्या भाराने लोळत. आयआर-८ मात्र आखूड व ताठ ताटावर भारी लोंबी पेलून उभा राही. त्याने उत्पन्नाची पातळीच बदलून टाकली.

खुश १९६७ साली या संस्थेत पैदासकार म्हणून रुजू झाले, तेव्हा या यशाचा गाजावाजा सर्वत्र चालू होता. परंतु यशाबरोबरच त्याच्या उणिवाही पुढे येऊ लागल्या होत्या. आयआर-८चा दाणा जाड व खडूसारखा पांढुरका असे, भरडताना तो फुटे आणि शिजलेला भात निवल्यावर कडक होई. पीक तयार होण्यास सुमारे १३० दिवस लागत. सर्वांत गंभीर उणीव म्हणजे अनेक रोगांना व किडींना तो सहज बळी पडे. वर्षातून दोनदा पीक, दाट लावणी, भरपूर खत आणि मैलोन् मैल एकच वाण अशी नवी शेती रुजत होती. तुडतुड्यांना आणि रोगजंतूंना याहून अनुकूल परिस्थिती कोणती? उत्पन्न वाढवण्याचे काम एका अर्थी झाले होते. आता ते टिकवण्याचे काम खुश यांच्या वाट्यास आले. १९७२ साली ते पैदास विभागाचे प्रमुख झाले.

पैदासकाराची वही

भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून संकर करायचा तर फूल उमलण्यापूर्वी त्यातील सहाही पुंकेसर काढून टाकावे लागतात आणि नंतर दुसऱ्या वाणाचा पराग त्यावर झटकावा लागतो. एका फुलातून मिळतो एक दाणा. तो पेरला की पहिली पिढी तयार होते. तिच्या बियांपासून झालेल्या दुसऱ्या पिढीत आईबापांचे गुण नाना तऱ्हांनी विखुरतात. या हजारो रोपांतून मोजकी रोपे निवडायची, त्यांची संतती पुन्हा ओळीने लावायची, पुन्हा निवड करायची आणि सर्व ओळींचे गुण स्थिर होईपर्यंत हा क्रम चालू ठेवायचा, अशी ही पद्धती आहे.

वाणांच्या क्रमांकांत या परिश्रमाचा इतिहास दडलेला असतो. पुढे आयआर-३६ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या वाणाचा मूळ क्रमांक आयआर-२०७१-६२५-१-२५२ असा होता. यातील पहिला आकडा संस्थेतील संकराचा आहे. त्यानंतरचे आकडे एकामागून एक पिढ्यांत निवडलेली रोपे दर्शवतात. म्हणजेच दोन हजार एकाहत्तराव्या संकरातील सहाशे पंचविसावे रोप, त्याच्या संततीतील पहिले, आणि पुढे दोनशे बावन्नावे. जी रोपे निवडली गेली नाहीत त्यांची संख्या या क्रमांकांवरून सहज कल्पनेत येते.

खुश यांनी या पद्धतीला एक कठोर शिस्त जोडली. निवडीच्या प्रत्येक पायरीवर रोपांना मुद्दाम शत्रूंच्या हाती द्यायचे, असे त्यांचे धोरण होते. ओळींच्या संततीची रोपे तुडतुड्यांच्या पिंजऱ्यात, करप्याच्या वाफ्यात, विषाणुग्रस्त रोपांच्या सान्निध्यात ठेवली जात. कीटकशास्त्रज्ञ, रोगशास्त्रज्ञ आणि दाण्याची प्रत पाहणारे रसायनज्ञ आपापला निकाल देत. जी ओळ एका परीक्षेत उत्तीर्ण होऊन दुसरीत नापास होई, ती कितीही सुंदर दिसली तरी बाद होत असे किंवा पुढील संकरासाठी केवळ जनक म्हणून राखली जाई.

सहा हजारांत एक

१९७०च्या सुमारास ग्रासी स्टंट नावाच्या विषाणुजन्य रोगाने चिंता निर्माण केली होती. या रोगाने रोप खुजे राहते, गवताच्या जुडग्यासारखे असंख्य फुटवे फुटतात आणि लोंबी धरत नाही. या विषाणूचा वाहकही तपकिरी तुडतुडाच. प्रतिकार करणारा वाण शोधण्यासाठी संस्थेच्या संग्रहातील सहा हजारांहून अधिक नमुने तपासण्यात आले. लागवडीखालील एकाही वाणात समाधानकारक प्रतिकारक्षमता आढळली नाही. ती आढळली एकाच नमुन्यात. तो ओरायझा निवारा या वन्य भाताचा होता आणि उत्तर प्रदेशातून गोळा केलेला होता.

या वन्य जातीला शेतकरी तणच मानतो. ती डबक्यांच्या व ओढ्यांच्या काठी उगवते, तिचा दाणा बारीक व कुसळाचा असतो आणि पिकताच गळून पडतो. तिच्यातील फक्त एक जनुक हवे होते. उरलेले सर्व नको होते. म्हणून खुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी वन्य भाताचा संकर आयआर-२४ या वाणाशी केला, त्याच्या संततीतील प्रतिकारक रोपे निवडून त्यांचा पुन्हा आयआर-२४शीच संकर केला आणि हा क्रम चालू ठेवला. प्रत्येक फेरीत वन्य अंश निम्म्याने कमी होत गेला आणि हवे ते जनुक मात्र परीक्षेच्या आधारे राखले गेले. १९७४ साली या जनुकाचे पहिले वाण प्रसारित झाले.

या साऱ्या कामाचा परिपाक म्हणजे आयआर-३६. फिलिपीन्समध्ये १९७६ साली त्याला मान्यता मिळाली. त्याच्या वंशावळीत सहा देशांतील तेरा वाणांचा अंश होता. तपकिरी व हिरवे तुडतुडे, टुंग्रो, ग्रासी स्टंट, करपा यांपैकी अनेक शत्रूंना तो एकाच वेळी तोंड देत असे. शिवाय तो सुमारे ११० दिवसांत तयार होई. त्यामुळे जिथे एक पीक निघत असे तिथे दोन निघू लागली आणि जिथे दोन निघत तिथे तिसऱ्यास अवसर मिळाला. १९८०च्या दशकात जगातील सुमारे १ कोटी १० लाख हेक्टर क्षेत्रावर हा एकच वाण उभा होता. दाण्याच्या प्रतीत मात्र तो उणाच होता. ती उणीव १९८५ साली आलेल्या आयआर-६४ने भरून काढली. शिजल्यावर मऊ राहणारा हा तांदूळ इंडोनेशियापासून भारतापर्यंत लोकांच्या पसंतीस उतरला.

शत्रूचे प्रत्युत्तर

इथे ही कथा संपली असती तर ती केवळ विजयाची कथा झाली असती. परंतु निसर्ग स्वस्थ बसत नाही. तपकिरी तुडतुड्याला प्रतिकार करणारा आयआर-२६ हा वाण १९७३ साली प्रसारित झाला आणि दोन-तीन वर्षांतच काही प्रदेशांत तो तुडतुड्यांचे भक्ष्य बनला. याचे कारण समजावून घेण्यासारखे आहे. कोट्यवधी तुडतुड्यांत काही थोडे असे असतात की ज्यांना प्रतिकारक रोपाचा रस पचतो. एरवी त्यांना काही विशेष लाभ नसतो. सर्वत्र तोच वाण लावला गेला की इतर तुडतुडे उपाशी मरतात, हे थोडे जगतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. एकाच जनुकावर विसंबलेली प्रतिकारक्षमता म्हणूनच अल्पजीवी ठरते. ग्रासी स्टंटच्या विषाणूचाही एक नवा प्रकार १९८०च्या दशकाच्या प्रारंभी आढळला. वन्य भाताच्या जनुकाला तो दाद देत नव्हता.

आयआर-३६मध्ये तुडतुड्यांविरुद्धचे दुसरे जनुक होते, नंतरच्या वाणांत तिसरे आणले गेले. भारत व श्रीलंका येथील जुन्या स्थानिक वाणांत अशी जनुके सापडली होती. तथापि केवळ जनुके बदलत राहणे पुरेसे नव्हते. कीटकनाशकांच्या अतोनात फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळी व अन्य मित्रकीटक मरत आणि त्यामुळे तुडतुडेच अधिक माजत, हे संशोधकांच्या ध्यानी आले. इंडोनेशियाने १९८६ साली भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली ती याच जाणिवेतून. चांगला वाण ही शेतकऱ्याच्या हातातील ढाल होय; परंतु ढाल असली म्हणजे युद्धाचे नियम मोडावेत असे नाही.

जनुकाचा पत्ता

अनेक जनुके एकाच वाणात एकत्र आणली तर शत्रूला ती सर्व एकाच वेळी भेदणे कठीण जाईल, असा विचार पुढे आला. तो तत्त्वतः सोपा, पण व्यवहारात अवघड होता. एखाद्या रोपात रोगाविरुद्धचे एक प्रबळ जनुक असेल तर ते निरोगीच राहते. मग त्याच्यात दुसरे व तिसरे जनुक आहे की नाही, हे रोगाची परीक्षा घेऊन कसे कळावे? रोपाच्या बाह्य रूपावरून याचे उत्तर मिळत नाही. ते डीएनएमध्येच शोधावे लागते. पैदासशास्त्राला रेणवीय जीवविज्ञानाची गरज भासली ती या ठिकाणी.

टोमॅटोच्या दिवसांतील विद्या खुश यांच्या कामी आली ती आता. भातात १२ गुणसूत्रांच्या जोड्या आहेत. त्यांपैकी प्रत्येकाची एक प्रत अधिक असलेली बारा प्रकारची रोपे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयआर-३६ या वाणातच मिळवली आणि १९८४ साली ती शास्त्रज्ञांपुढे ठेवली. त्यांच्या आधारे कोणते जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे हे ठरवता येऊ लागले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात स्टीव्हन टँक्सली यांच्या प्रयोगशाळेत सुसान मकाउच डीएनएमधील खुणांचा नकाशा तयार करीत होत्या. त्या खुणा योग्य गुणसूत्रांवर बसवण्यासाठी हीच रोपे उपयोगी पडली. १३५ खुणांचा हा पहिला नकाशा १९८८ साली प्रसिद्ध झाला. खुश हे त्या निबंधाच्या लेखकांपैकी एक होते.

या नकाशाचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जीवाणूजन्य करप्याने भाताची पाने कडेपासून वाळत जातात. आफ्रिकेतील माली देशातून आलेल्या ओरायझा लाँजिस्टॅमिनाटा या वन्य भाताचे एक रोप या रोगाच्या तपासलेल्या सर्व प्रकारांना दाद देत नाही, असे कटक येथे १९७७ साली आढळून आले. लॉस बान्योस येथे खुश यांच्या चमूने वर्षानुवर्षे संकर करून त्यातील प्रतिकारक जनुक लागवडीच्या भातात उतरवले. त्याला ‘एक्सए-२१’ असे नाव मिळाले. हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्याचे नेमके स्थान शोधून १९९५ साली पामेला रोनाल्ड यांच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेने ते वेगळे केले. खुश ज्या संस्थेत शिकले तिथेच त्यांनी शेतात जपलेल्या जनुकाची रेणवीय ओळख पटावी, हा एक मनोहर योग होय.

या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या आवरणात पहारेकऱ्यासारखे उभे असते असे दिसून आले. त्याचा एक भाग पेशीबाहेर असून तो जीवाणूचा सुगावा घेतो. दुसरा भाग पेशीच्या आत इशारा पोहोचवतो. जीवाणूचा नेमका कोणता रेणू हा पहारेकरी ओळखतो, याचे प्रथम दिलेले उत्तर चुकीचे निघाले. २०१३ साली संशोधकांनी आपले निबंध स्वतःच मागे घेतले, पुन्हा प्रयोग केले आणि २०१५ साली योग्य रेणू जगापुढे मांडला. विज्ञान चुकत नाही असे नाही. चूक कबूल करून ते पुढे जाते.

भारतीय शेतात

या संशोधनाचे एक फळ भारताच्या वाट्यास आले. आंध्र प्रदेशातील बापटला येथून निघालेला सांबा मसुरी हा बारीक दाण्याचा वाण ग्राहकांत लोकप्रिय होता, पण करप्यापुढे तो अगदी दुबळा होता. हैदराबाद येथील पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्र आणि भात संशोधन संचालनालय यांनी डीएनएच्या खुणा तपासत ‘एक्सए-२१’सह करप्याविरुद्धची तीन जनुके सांबा मसुरीत आणली. यांतील दोन जनुके अशी आहेत की रोपाला त्यांच्या दोन्ही प्रती मिळाल्या तरच त्यांचा गुण प्रकट होतो. डोळ्यांनी निवड करून ती एकत्र आणणे जवळजवळ अशक्य होते. सुधारित सांबा मसुरी २००८ साली प्रसारित झाली. तिचा दाणा व चव पूर्वीचीच राहिली, हे शेतकऱ्याच्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे होते.

भाताच्या संपूर्ण डीएनएचा क्रम २००५ साली प्रसिद्ध झाला. त्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाचे वाचन भारतीय शास्त्रज्ञांनी केले होते. आयआर-८ बुटका का, याचेही उत्तर २००२ साली मिळाले. वाढीचे संप्रेरक तयार करणाऱ्या एका जनुकात दोष असल्याने त्याचे ताट उंच होत नाही. एका दोषाने आशिया खंडाची धान्यकोठारे भरली, असे म्हणता येईल.

अपुरे राहिलेले काम

खुश यांचे सर्वच प्रयत्न सफल झाले असे नाही. १९८९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सर्वस्वी नव्या ठेवणीच्या भाताचा ध्यास घेतला. फुटवे थोडे, पण प्रत्येकावर मोठी लोंबी, जाड ताट आणि खोल मुळे अशी त्याची कल्पना होती. प्रत्यक्षात निघालेल्या पहिल्या ओळींत दाणे नीट भरले नाहीत आणि त्या तुडतुड्यांना बळी पडल्या. मोठ्या उत्पन्नाची आशा तेव्हा फलद्रूप झाली नाही. परंतु त्या कल्पनेचा उपयोग पुढे चीनमधील संकरित भाताच्या कार्यक्रमाने करून घेतला.

१९८७ साली जपान पारितोषिक आणि १९९६ साली जागतिक अन्न पुरस्कार हे दोन्ही सन्मान त्यांना हेन्री बीचेल यांच्यासमवेत मिळाले. आयआर-८ची निवड करणारे बीचेल हे संस्थेतील त्यांचे पूर्वसूरी होत. २००० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ३५ वर्षांच्या सेवेनंतर २००२ साली ते निवृत्त झाले. तोवर त्यांच्या कार्यक्रमातून ३००हून अधिक वाण शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले होते.

तथापि या यशातच एक इशारा दडलेला आहे. एकच उत्तम वाण कोटी हेक्टरांवर पसरतो तेव्हा शेकडो जुने वाण शेतातून नाहीसे होतात. आणि ज्या वन्य गवताच्या एका जनुकाने पीक वाचले, ते गवत ज्या डबक्याकाठी वाढते ते डबके बुजले तर तसे दुसरे जनुक शोधायचे कोठे? लॉस बान्योस येथील बीजसंग्रहात आज भाताचे सव्वा लाखाहून अधिक नमुने थंड खोल्यांत जतन केलेले आहेत. उत्तर प्रदेशातून आलेला तो नमुना वेळीच गोळा केलेला नसता, तर आयआर-३६ला ग्रासी स्टंटविरुद्धचे ते जनुक लाभले नसते. आज निरुपयोगी भासणारे बी उद्या कोणत्या संकटात उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून शेतकऱ्याने तण म्हणून उपटून टाकलेल्या भाताची मूठभर बी कोणीतरी जपून ठेवणे, हेही पीकसंशोधनाचे तितकेच मोठे कार्य होय.